वडिलांकडच्या चार पिढ्या

कुत्रा पाळायचा हे रुपीने ठरवलं. तो विकत आणायचा हे तिच्या नवऱ्याने, म्हणजे पंढरीने ठरवलं, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

जव्हारच्या भोवतालच्या पाड्यांवर कुत्रा विकत घेणं म्हणजे झाडाची सावली विकत घेण्यासारखं आहे. कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर पिल्लं असतातच. ज्याला हवं त्याने न्यावं, आणि नेणाऱ्याचेच उलट उपकार मानावेत, अशी पद्धत. पण पंढरीची गोष्ट वेगळी होती. (आपली गोष्ट वेगळी आहे असं त्याला सगळ्याच बाबतीत वाटायचं.)

निमित्त झालं कोंबड्यांचं. त्यांचं घर एस.टी. स्टँडपासून चालत वीस मिनिटांवर, पाड्याच्या अगदी टोकाला. मागे ओढा, ओढ्याला लागून करवंदीच्या जाळ्या आणि त्या जाळ्यांत एक रानबोका. जुना राखणदार कुत्रा म्हातारा होऊन गेला, तेव्हापासून त्या बोक्याने रुपीच्या सतरा कोंबड्यांच्या नऊ केल्या होत्या. आणि त्या नुसत्या कोंबड्या नव्हत्या. रुपीच्या लग्नात तिच्या आईने टोपलीत घालून एक कोंबडी दिली होती, तिचा हा सगळा वंश. रुपीला तो तोंडपाठ होता. "ही तांबडी बोडकीची, बोडकी ठिपकीची, ठिपकी लंगडीची, आणि लंगडी माझ्या आयेनं दिली तिची." मधले कोंबडे कोणकोणते होते हे तिला कधी आठवत नसे, आणि आठवायची गरजही वाटत नसे. आई तीन वर्षांपूर्वी वारली. आता तांबडी बारा अंडी घेऊन खुडूक बसली होती.

"ही बी गेली, तर माझ्या आयेचं घरात काय ऱ्हायलं?" रुपी एकदा एवढंच म्हणाली आणि लगेच चुलीकडे वळली. पंढरीला ते लागलं. तो म्हणाला, "रुपी, तांबडीच्या एकाही पिल्लाला धक्का लागणार नाही. माझा शब्द."

"शब्द ऱ्हाऊ द्या. शेजारी सावळादादाच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. त्यातलं एक आणते."

पंढरीने चहाचा कप खाली ठेवला. "त्यांचा बाप कोण?"

"म्हंजे?"

"म्हणजे वडील कोण? कुठले?"

"मला काय ठाव? मी काय लग्नाला गेल्ते?"

इथे पंढरीच्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मोखाड्याच्या एका कचेरीत तो बावीस वर्षं दाखल्यांच्या टेबलावर बसत होता. त्या टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी सिद्ध करावं लागे, की तो त्याच्या बापाचा आहे, बाप आजोबांचा आहे आणि आजोबा पणजोबांचे आहेत. त्याला वंशावळ म्हणतात. ती वडिलांकडूनच लागते. कुणी भोळेपणाने मामाचा दाखला जोडला, तर पंढरी हलक्या हाताने टाचणी काढून तो परत देई आणि म्हणे, "हा घरी जपून ठेवा, इथे चालत नाही." माणूस वाईट नव्हता. पण बावीस वर्षं हेच केल्यामुळे, समोर कुणीही आलं तरी त्याला आधी त्या माणसाचे आजोबा दिसत.

"माझ्या अंगणात येणारा कुत्रा खात्रीच्या घराण्याचा पाहिजे," पंढरीने जाहीर केलं. "जर्मन शेफर्ड. पोलिसांकडे असतो तो."

"बोक्याला काय अटक करायचीय का?" रुपी म्हणाली.

पंढरीने फोनवर शोध सुरू केला. पिल्लं विकणारे पुष्कळ निघाले. एकाने जर्मन शेफर्डचा फोटो पाठवला, आणि पंढरीने सहज विचारलं म्हणून लॅब्राडोरचाही पाठवला. दोन्ही फोटोंत पिल्लू एकच होतं, फक्त दुसऱ्या वेळी उजेड जास्त होता. दुसरा नाशिककडचा. तो म्हणे, "आधी बुकिंग करा." पंढरीने पिल्लू दाखवा म्हटलं, तर म्हणे, "झोपलंय." दुसऱ्या दिवशीही झोपलेलं. चौथ्या दिवशीही झोपलेलंच. पंढरीने शेवटी विचारलं, "बरं, वंशावळ आहे का?"

"व्हॅक्सिन आहे ना सर."

"व्हॅक्सिन नव्हे. वंशावळ. वडिलांकडच्या चार पिढ्या."

यावर त्या माणसाने पंढरीचा नंबरच ब्लॉक केला. त्यामुळे तो खोटा असल्याची पंढरीची पक्की खात्री झाली. (पुढे सबंध जव्हार तालुक्यात त्याला जो सगळ्यात खोटा माणूस भेटणार होता, त्याने मात्र नंबर ब्लॉक केला नाही. उलट चहा पाजला.)

त्या माणसाचं नाव चंदू. स्टँडच्या मागच्या गल्लीत, गॅरेजला लागून त्याने पत्र्याची शेड टाकली होती. तिथे तो आधी मोबाईलची कव्हरं विकायचा, मग लव्हबर्ड विकायचा, मग काही दिवस अळिंबी पिकवायचा. आता दारावर 'रॉयल केनेल' असा बोर्ड होता. काही वर्षं ठाण्याला काढल्यामुळे तो बोलताना अधूनमधून इंग्रजी शब्द पेरायचा.

"एकदम ओरिजनल माल हाय साहेब. बघा तर खरं," चंदू पिंजऱ्याकडे वळला.

"पिल्लू मग. आधी कागद."

"कागद?" चंदूचा हात कडीवरच थांबला. असं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. "कागद होऊन जातील ना साहेब. कोणकोणते पाहिजेत? तुम्हीच एक यादी लिहून द्या. म्हंजे तुमची पण खात्री, माझी पण."

हा क्षण फार महत्त्वाचा होता, पण तो महत्त्वाचा असल्याचं चंदूलाच काय ते कळलं. पंढरीला फक्त एवढंच वाटलं, की बावीस वर्षांत एका माणसाने तरी आपणहून यादी मागितली. त्याचं मन भरून आलं. त्याने खिशातून पेन काढलं आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं: एक, वडिलांकडील चार पिढ्यांची वंशावळ. दोन, प्रत्येक पिढीचा जन्माचा पुरावा. तीन, वडिलांचा फोटो, समोरून. चार, वंशावळ खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र. पाच, सर्व कागदांच्या दोन प्रती.

आठ दिवसांनी चंदूचा फोन आला. पंढरी मोखाड्याहून परतताना जीपमधून उतरून थेट शेडवर गेला. चंदूने त्याच्या हातात फाइल ठेवली. हिरव्या पुठ्ठ्याची, आत विषयसूची, प्रत्येक पानावर क्रमांक, प्रत्येक क्रमांकाखाली गोल शिक्का. पंढरीने पानं उलटली आणि त्याचे डोळे पाणावले. माणसांच्या फाइली अशा का येत नाहीत?

वडील रेक्स, आजोबा टायगर, पणजोबा ब्रूनो. खापरपणजोबांपाशी मात्र पंढरीचं बोट थांबलं.

"हे काय? खापरपणजोबा मोती, जन्मस्थळ जर्मनी?"

"हां साहेब."

"जर्मनीतला कुत्रा मोती कसा?"

चंदू क्षणभर छताकडे बघत राहिला. "तिकडं काहीतरी वेगळंच नाव व्हतं. हिकडं आल्यावर बदललं."

"मग नावबदलाचा पुरावा कुठे आहे?"

"राहून गेला साहेब. चूक झाली. उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी पुरावा हजर. मोती हाच पूर्वीचा हान्स, असं साध्या कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सहीने. पंढरीने सह्या ताडून पाहिल्या, शिक्का उजेडात धरला आणि मान डोलावली. मग कुठे तो म्हणाला, "आता पिल्लू दाखव."

पिल्लू तपकिरी होतं, तोंडाशी काळं. एक कान उभा आणि एक पडलेला.

"दुसरा बी उभा राहील साहेब. तीन महिन्यांत. लिहून देऊ?"

"दे लिहून."

लिहून मिळाल्यावर पंढरीला त्या कानाची काही काळजी उरली नाही. जेवढ्यात दूध देणारी शेळी करडासकट दारात आली असती, तेवढे पैसे मोजून त्याने पिल्लू कापडी पिशवीत घेतलं आणि रिक्षात बसला. रिक्षा सुटली तशी स्टँडवरची एक कुत्री भुंकत मागे लागली. एक कान फाटलेला, बरगड्या दिसणाऱ्या. पंढरी तिला चांगला ओळखत होता. रोज सकाळी तो जीपची वाट बघत असताना ती त्याच्या डब्याचा वास घ्यायला यायची आणि तो तिला फाइलने हाकलायचा. आज ती नाक्याच्या वळणापर्यंत धावली.

"ह्यांचा जळफळाट होतो," पंढरीने रिक्षावाल्याला समजावलं. "खानदानी कुत्रं बघितलं की गावठी कुत्री अशीच करतात."

रुपी अंगणात उभी होती. तिने पिल्लू पिशवीतून काढलं, छातीशी धरलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्याची आय कशी हाय?"

"कुणाची आई?"

"ह्या पिल्लाची. बघितली का नाय?"

"वडील बघितले. फोटो आहे. समोरून."

"अवो, पिल्लू आयेवर जातं. राखणीचं कुत्रं घेताना आय कशी भुंकते ते बघतात. अंगावर येते का पळते ते बघतात. आन मग आयेला नागलीची पेज पाजून, पाठीवरून हात फिरवून पिल्लू उचलतात. पेज पाजली का?"

पंढरी फाइल उघडत म्हणाला, "रुपी, ही चार पिढ्यांची—"

"म्हंजे नाय पाजली."

पिल्लाचं नाव कागदावर 'ड्यूक' होतं. रुपी त्याला बाळ्या म्हणू लागली आणि तो बाळ्यालाच ओ देऊ लागला. पहिल्याच दिवशी घरातल्या कोंबड्याने त्याला अंगणभर पळवलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पळायला सुरुवात केली, म्हणजे कोंबड्याला उगाच त्रास नको. रात्रभर तो आईसाठी कुईकुई करायचा. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तांबडीची अंडी फुटली. बारातून अकरा पिल्लं निघाली. रुपीने त्यांना सुपात घेऊन एकेकाला डोळ्यांशी धरलं. मग तिने बाळ्याकडे पाहिलं. तो पंढरीच्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता.

"ह्याच्या भरवशावर ठेवू का मी ह्यांना?" तिने विचारलं. पंढरीने फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, तीही जरा आतल्या बाजूला.

रविवारी सकाळी सावळादादा फाइल बघायला आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्के बघायला आवडायचे. पंढरी ओट्यावर बसून त्याला हान्सचा मोती कसा झाला ते सांगत होता. तेवढ्यात अंगणाच्या कुडाच्या फटीतून एक फाटका कान आत आला. कानामागून डोकं आलं, डोक्यामागून बरगड्या. बाळ्या कुईं करत धावला आणि थेट तिच्या पोटाखाली शिरला. ती आडवी झाली आणि तो लुचायला लागला.

सावळादादाने ओट्यावरून वाकून पाहिलं.

"ही तर स्टँडवरची," तो म्हणाला. "वडापावच्या गाडीखाली असते ती."

"असेल. लळा लागला असेल तिला," पंढरी म्हणाला.

"भाऊ, लळा लागून दूध येत नाय."

रुपी पदर तोंडाला लावून हसत होती. "तुमी कचेरीत सगळ्यांना काय म्हणता? झेरॉक्स चालत नाय, मूळ प्रत आणा. घ्या, आली."

पंढरी उठून काहीतरी म्हणणार, इतक्यात कोंबड्यांचा एकच कल्लोळ उठला. करवंदीतून रानबोका निघाला होता. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत. तांबडी पिल्लांवर पंख पसरून फुगली होती आणि बोका पोट जमिनीला टेकून तिच्याकडे सरकत होता. रुपी किंचाळली. पंढरीने हातातलं जे होतं ते भिरकावलं. (फाइल होती. ती हौदात पडली.) चार पिढ्यांचा ड्यूक पंढरीच्या दोन पायांमध्ये येऊन लपला, आणि त्यामुळे पंढरी दोन पावलं टाकून तोंडावर आपटला.

त्याने मान वर करून पाहिलं, तर फाटका कान त्याच्या डोक्यावरून गेला होता. ती भुंकलीसुद्धा नाही. सरळ बोक्याच्या अंगावर पडली. धूळ उडाली, फिस्कारे आले, बोक्याच्या पाठीचे केस तिच्या तोंडात आले, आणि बोका जो ओढ्यापलीकडे गेला तो वळूनही न बघता. ती कुडापाशी उभी राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. मग परत येऊन, जिथून उठली होती तिथेच आडवी झाली, जणू मधे कुणाचा फोन आला होता.

रुपी गुडघ्यांवर बसून पिल्लं मोजत होती. तिने तीनदा मोजली. तिन्ही वेळा अकराच निघाली. मग ती घरात गेली, कालची नागलीची पेज कोमट करून आणली, कुत्रीपुढे ठेवली आणि ती खात असताना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुझं लेकरू न इचारता आणलं ग बये," ती म्हणाली. "आता तू बी ऱ्हा."

कुत्रीने शेपूट हलवलं. ते बघून कपाळावरची माती पुसत पंढरीही प्रेमाने पुढे झाला. कुत्रीने भांड्यातून तोंड वर न काढता आतून खोल गुर्र केलं.

"तुमी लांबच ऱ्हा," सावळादादा म्हणाला. "पिशवीत घालून पिल्लू नेताना तिनं तुमाला बघितलंय. तिच्या हिशोबानं बोका न तुमी एकच."

सोमवारी पंढरी ओली फाइल घेऊन चंदूच्या शेडवर गेला. जाताना त्याने तीन कडक वाक्यं पाठ केली होती.

"ही फसवणूक आहे," हे पहिलं.

"कुठंय साहेब?" चंदूने खुर्ची पुढे केली. "यादीतलं एक तरी कमी दिलं का?"

"त्याची आई स्टँडवरची आहे!"

"व्हय," चंदू शांतपणे म्हणाला. "पर यादीत आय कुठं व्हती? तुमी बापाकडचं मागितलं, मी बापाकडचं दिलं. आय इचारली असती तर दाखवली असती. ही काय, समोरच वडापावच्या गाडीखाली असायची."

"आणि बाप? रेक्स?"

"बापाचं काय साहेब," चंदू जरा लाजला. "बाप कोणाचा कोण बघायला जातं? तिथं कागदावरच चालतं."

पंढरीला उरलेली दोन वाक्यं आठवेनात. त्याने मान वर केली तर समोर भिंतीवर, काचेच्या फ्रेममध्ये, त्याच्याच सुरेख अक्षरातली यादी लावलेली. खाली चंदूने लाल शाईत लिहिलं होतं: 'आमच्याकडे वरील सर्व कागद मिळतील.'

"लई फरक पडला साहेब तुमच्यामुळं. बाकीची चार बी गेली. एक तर डॉबरमन म्हणून गेलं. चहा घेणार ना?"

पंढरीने चहा घेतला. दुसरं काय करणार? तक्रार करायची तर अर्जासोबत यादीची प्रत जोडावी लागली असती.

आता त्या गोष्टीला तीन महिने झाले. बाळ्याचा दुसरा कान पडलेलाच आहे. तांबडीची अकराही पिल्लं मोठी होऊन अंगणभर उधळतात, आणि रुपी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ही सगळी तांबडीची, तांबडी बोडकीची." रानबोका पुन्हा कुणाला दिसला नाही. बाळ्याची आई कुडाच्या दारात आडवी पडून राखण करते. सावळादादा आला तर ती शेपूट हलवते. पोस्टमनला वास घेऊन सोडते. पंढरी मात्र रोज संध्याकाळी मोखाड्याहून दमून येतो, दारापाशी पोचतो, आणि ती उठून उभी राहते. मग त्याला बाहेरच, हातात रिकामा डबा धरून उभं राहावं लागतं. बिस्किटं देऊन पाहिली. ती बिस्किटं खाते आणि परत उभी राहते.

परवा, दाखल्यासाठी पंढरीच्या टेबलासमोर खेपा घालणारा म्हातारा जिवा रस्त्याने चालला होता. पंढरीला बाहेर उभा बघून थांबला.

"काय साहेब, घरी कोणी नाय का?"

"आहेत ना. सगळे आहेत," पंढरी म्हणाला.

तांबडीचं एक पिल्लू कुत्रीच्या पाठीवरून उडी मारून बाहेर आलं, पंढरीच्या बुटाला चोच मारून पुन्हा आत गेलं. कुत्रीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर पंढरीवर होती. जिवा बराच वेळ हे बघत राहिला.

"रुपी!" पंढरीने हाक मारली. "अगं, हिला आवर. मला आत येऊ दे."

"थांबा जरा," मागच्या अंगणातून रुपीचा आवाज आला. "आधी कोंबड्या आत घेते, मग तुमाला घेते."